केनियातील पहिली सफारी : आखणीपासून परतीपर्यंत

आफ्रिकेच्या सफारीचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘काय काय दिसेल?’ हा. माझ्याही मनात तोच होता, आणि म्हणूनच पहिल्या खेपेला मी आठ दिवसांत केनियातील अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा आणि शेजारच्या टांझानियातील सेरेंगेटी, न्गोरोन्गोरो अशी सहा ठिकाणे गाठणारा कार्यक्रम निवडला. प्राणी दिसले, नाही असे नाही. पण घरी आल्यावर हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की दिवसाउजेडीचा निम्म्याहून अधिक वेळ महामार्गावर, सीमेवरच्या रांगेत आणि सामान चढवण्या-उतरवण्यात गेला होता. तीन वर्षांनी पुन्हा गेले ती फक्त मारामध्ये सलग पाच रात्री राहण्यासाठी. त्या दुसऱ्या खेपेला जे दिसले आणि जे कळले, त्याच्या आधारावर प्रथमच जाणाऱ्यांसाठी हा लेख लिहीत आहे. यातील बरीचशी माहिती टांझानियालाही लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

महिना आधी, ठिकाण नंतर

केनियातील मसाई मारा आणि टांझानियातील सेरेंगेटी हे एकमेकांना लागून असलेले, मध्ये कुंपण नसलेले एकच गवताळ रान आहे. मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे, तर सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७०० चौरस किलोमीटरहून मोठे आहे. या रानात दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि त्यांच्या सोबतीने लाखो झेब्रे व गझेल हरणे वर्षभर पाऊस आणि कोवळे गवत यांच्या मागे फिरत राहतात. विल्डबीस्ट हा दिसायला गुरासारखा, परंतु आपल्या काळविटाप्रमाणे कुरंगांच्या गटात मोडणारा प्राणी आहे. त्याचे कळप कोणत्या महिन्यात कुठे असतात, यावर आपण कुठे उतरायचे ते ठरते.

जुलै ते ऑक्टोबर या काळात कळप उत्तर सेरेंगेटी आणि मारा या भागांत असतात आणि मारा नदी ओलांडण्याची ती प्रसिद्ध दृश्ये याच दिवसांत दिसतात. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत हेच कळप दक्षिणेला, सेरेंगेटीच्या खालच्या टोकाशी एन्डुटू परिसरात असतात. ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेल्या तिथल्या आखूड गवतावर माद्या वितात, आणि बहुतेक वासरे दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्माला येतात. शिकारी प्राणी पाहायचे असतील तर माझ्या मते हा काळ नदीच्या काळापेक्षा काकणभर सरसच आहे, आणि गर्दीही तुलनेने कमी असते. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मोठा पाऊस असतो. त्या काळात निवासाचे दर उतरतात, पण रस्ते चिखलात बुडतात. नोव्हेंबरातला लहान पाऊस मात्र फारसा अडवत नाही.

आपल्याकडे शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये असल्यामुळे पुष्कळ कुटुंबे नेमकी मोठ्या पावसात जाऊन पोहोचतात. मुलांना न्यायचे असेल आणि वेळ बदलता येत नसेल तर जून महिन्याचा पहिला आठवडा किंवा नाताळची सुट्टी यांचा विचार करावा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तर उत्तमच.

थोडी ठिकाणे, जास्त रात्री

आखणी करताना मी आता एकच नियम पाळते : एका ठिकाणी तीन रात्रींपेक्षा कमी राहायचे नाही. याचे कारण असे की सफारीच्या गाड्या सकाळी आणि दुपारनंतर अशा दोन फेऱ्या करतात. ज्या दिवशी आपण प्रवास करून पोहोचतो त्या दिवशी फार तर एक फेरी होते, निघायच्या दिवशी तीही घाईची होते. म्हणजे दोन रात्रींच्या मुक्कामात एकच पूर्ण दिवस हाती लागतो. सात-आठ दिवसांच्या पहिल्या सहलीसाठी नैरोबीत एक रात्र, मारामध्ये चार आणि अंबोसेलीत दोन एवढे पुरे. अंबोसेलीतली ही दुसरी जागा मी नियम मोडून दोन रात्रींची ठेवते, कारण ते उद्यान लहान, ३९२ चौरस किलोमीटरचे आहे आणि तिथे मुख्यतः हत्ती आणि पाठीमागचा किलिमांजारो पाहायचा असतो. ५,८९५ मीटर उंचीचा तो पर्वत दिवसभर ढगांत असतो आणि बहुधा पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास मोकळा होतो, म्हणून तिथे दोन पहाटा हाती असाव्यात.

नाकुरूला फ्लेमिंगोंची गुलाबी किनार पाहायला जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. तळ्यातील पाण्याची पातळी गेल्या दशकभरात खूप वाढल्याने फ्लेमिंगो अनेकदा तिथे नसतातच आणि बोगोरिया तळ्याकडे गेलेले असतात. गेंडे पाहण्यासाठी मात्र नाकुरू अजूनही चांगले आहे.

मारा आणि सेरेंगेटी एकाच सहलीत करायचे असेल तर नकाशावर ते शेजारी दिसते म्हणून फसू नये. कळप मध्येच सीमा ओलांडतात, पण पर्यटकांना तशी परवानगी नाही. मारामधून थेट सेरेंगेटीत जाणारा मार्ग पर्यटकांसाठी १९७७ पासून बंद आहे, आणि केनियाच्या गाड्यांना टांझानियाच्या उद्यानांत सफारी करता येत नाही. त्यामुळे इसेबानिया-सिरारी सीमेवर गाडी, चालक आणि सामान सगळे बदलावे लागते. हा प्रवास एक अख्खा दिवस खातो. न्गोरोन्गोरो विवर पाहायचेच असेल तर टांझानियाची स्वतंत्र सहल करावी. ६०० मीटर खोल आणि सुमारे २६० चौरस किलोमीटर तळ असलेल्या त्या विवरात सिंह, गेंडे, हत्ती सगळे आहे, परंतु जिराफ मात्र एकही नाही. कड्याचा तीव्र उतार हे त्याचे कारण सांगितले जाते.

गाडी, मुक्काम आणि शुल्काचा करार

पैसे भरण्यापूर्वी सहल कंपनीकडून चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. पहिली, गाडी कोणती. छत वर उचलता येणारी लँड क्रूझर आणि छत उचलता येणारी छोटी व्हॅन यांच्या भाड्यात फरक असतो, आणि पावसाळी रानात त्या दोघींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुसरी, गाडीत माणसे किती. प्रत्येकाला खिडकी मिळणार, असे स्पष्ट लिहून घ्यावे. मधल्या जागेवर बसून सफारी करणे म्हणजे नाटकाला जाऊन खांबामागे बसण्यासारखे आहे. तिसरी, निवास राखीव क्षेत्राच्या आत आहे, गेटबाहेर आहे की मसाईंच्या जमिनीवरच्या एखाद्या कन्झर्व्हन्सीत (तिच्याविषयी पुढे सांगितले आहे). चौथी, प्रवेशशुल्क दरात धरले आहे का.

या चौथ्या मुद्द्यावर माझी पहिल्या खेपेला फसगत झाली. ज्या एजन्सीकडे मी नोंदणी केली होती तिच्या दरपत्रकात ‘सर्व समाविष्ट’ असे ठळक लिहिले होते आणि प्रवेशशुल्क शेवटच्या ओळीत वगळलेले होते. मारामध्ये हे शुल्क किरकोळ नाही. २०२४ पासून प्रौढ परदेशी पर्यटकासाठी जानेवारी ते जून दर दिवशी १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असा दर आहे, आणि एक तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्या काळापुरते चालते. चार दिवसांचे चौघांचे गणित केले की नंतर हा आकडा कळणे किती जड जाते ते लक्षात येईल. शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत गेटबाहेर पडायचे हेही आधीच विचारून ठेवावे, म्हणजे तासाभराच्या उशिरासाठी आणखी एका दिवसाचे पैसे भरण्याची वेळ येत नाही. दर बदलत असतात, म्हणून नोंदणीच्या वेळचा दर लेखीच घ्यावा.

कन्झर्व्हन्सी हा प्रकार नवख्यांना बहुधा माहीत नसतो. राखीव क्षेत्राच्या उत्तरेकडे आणि पूर्वेकडे मसाई या स्थानिक पशुपालक जमातीतल्या कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत. त्या जमिनी ती कुटुंबे पर्यटन निवासांना भाड्याने देतात आणि त्याचे ठरलेले भाडे त्यांना नियमित मिळते. मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो ही त्यांतली परिचित नावे. तिथे तंबूंची आणि गाड्यांची संख्या मर्यादित असते, आणि मुख्य राखीव क्षेत्रात ज्यांना मनाई आहे अशा रात्रीच्या फेऱ्या आणि पायी भटकंतीही मार्गदर्शकासोबत करता येतात. दर चढे असतात, हे खरे. पण चार रात्रींपैकी दोन तिथे आणि दोन राखीव क्षेत्रात अशी विभागणी केली तर दोन्हींचा फरक चांगला समजतो.

नैरोबीहून मारा रस्त्याने सुमारे पाच-सहा तासांवर आहे. वाटेत रिफ्ट व्हॅली या प्रचंड खचदरीच्या कड्यावर गाडी थांबते आणि पुढे नारोक गावात जेवण होते. पाठीचे दुखणे असेल किंवा सोबत वयस्कर मंडळी असतील तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून लहान विमानाने पाऊण-एक तासात थेट मारातल्या धावपट्टीवर उतरता येते. या विमानांत सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो असते आणि कडक सुटकेस घेत नाहीत. मऊ पिशवीच लागते.

कागदपत्रे, लस आणि औषधे

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना, म्हणजे ईटीए, सुरू केला आहे. अर्ज निघण्याच्या किमान तीन दिवस आधी करावा लागतो, पण मी सांगेन की दोन-तीन आठवडे हाती ठेवावेत. टांझानियाचा ई-व्हिसा निराळा काढावा लागतो. पूर्व आफ्रिकेचा जो सामायिक पर्यटक व्हिसा आहे तो केनिया, युगांडा आणि रवांडा या तीनच देशांना लागू आहे, टांझानियाला नाही.

सर्वांत जास्त गोंधळ पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लशीबाबत होतो, म्हणून ते नीट समजून घ्यावे. भारतात हा रोग नाही. त्यामुळे भारतातून थेट जाणाऱ्याला केनियात लशीचा दाखला सहसा विचारत नाहीत. दाखला लागतो तो परतताना. केनिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत असल्याने भारतात उतरताना वैध दाखला नसेल तर प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध ठरतो आणि मग तो आयुष्यभर चालतो. लस खासगी दवाखान्यात सरसकट मिळत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तिथे आधी नोंदणी करावी लागते. म्हणून विमानाचे तिकीट काढल्याबरोबर लशीची तारीख घ्यावी. ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी, गर्भवतींनी, प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती घेऊ नये.

हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबतही डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा. या गोळ्या प्रवासाआधी सुरू करून परतल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात. प्रवास-विमा घेताना त्यात विमानाने रुग्ण हलवण्याची तरतूद आहे ना, हे पाहावे. सफारीच्या निवासापासून मोठे रुग्णालय फार लांब असते. नैरोबीतील ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था पर्यटकांना अशा सेवेचे अल्पकालीन सदस्यत्व देते.

सामान

आफ्रिका म्हणजे उकाडा, या समजुतीने आमच्या गटातल्या अर्ध्या लोकांनी एकही स्वेटर घेतला नव्हता. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, मारा साधारण १,५०० मीटरवर, आणि न्गोरोन्गोरोचा काठ त्याहूनही उंच. पहाटे छत उघडलेल्या गाडीत उभे राहिले की महाबळेश्वरची डिसेंबरातली सकाळ आठवते. एकावर एक चढवता-उतरवता येतील असे कपडे, कानटोपी आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट असावे. रंग मातकट, खाकी, फिकट हिरवे चालतात. गडद निळा आणि काळा टाळावा, कारण त्सेत्से माश्या त्या रंगांकडे ओढल्या जातात आणि त्यांचा चावा जाड कापडातूनही जाणवतो. लष्करी छापाचे कपडे नेऊच नयेत.

दुर्बीण हवीच, आणि ती दर माणशी एक हवी. नवराबायकोत एक दुर्बीण म्हणजे नेमक्या क्षणी होणारे भांडण, हे अनुभवाने सांगते. ८ बाय ४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची) हा आकार हाताला आणि डोळ्याला सोयीचा पडतो. कॅमेऱ्यासाठी स्टँड निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी जुन्या जीनच्या पायाची एक पिशवी शिवून न्यावी आणि तिथे गेल्यावर किलोभर तांदूळ किंवा डाळ भरून गाडीच्या कडेवर ठेवावी. लेन्स त्यावर छान टेकते. ड्रोन घरी ठेवावा; परवानगीशिवाय तो विमानतळावरच जप्त होऊ शकतो. विजेचे सॉकेट तिथे ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे असतात, म्हणून अडॅप्टर लागतो.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे आणि ती कागदावरची नाही. चिवडा, लाडू, थेपले कापडी पिशवीत किंवा डब्यात न्यावेत. विमानतळावरच्या दुकानाची पिशवी हातात असेल तर ती तिथेच सोडावी लागते. डॉलरच्या नोटा नव्या आणि न चुरगळलेल्या असाव्यात. जुन्या मालिकेतल्या नोटा दुकानदार हमखास परत करतात.

रानातले दिवस

भारतापेक्षा केनियाचे घड्याळ अडीच तास मागे आहे. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत साडेतीन-चारलाच जाग येते आणि पहाटेची फेरी विनासायास साधते. विषुववृत्त जवळच असल्याने बाराही महिने साडेसहाच्या सुमारास उजाडते आणि तितक्याच सुमारास मावळते. इथे एक गंमत सांगायला हवी. स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपल्या सकाळच्या सात वाजताला ते ‘सा मोजा’, पहिला तास, म्हणतात. चालक इंग्रजीत बोलत असेल तर प्रश्न नाही, पण निवासातल्या एखाद्या कर्मचाऱ्याने सांगितलेली वेळ सहा तासांनी चुकते आहे असे वाटले तर हे कारण लक्षात घ्यावे. तसे पाहता स्वाहिली आपल्याला फार परकी वाटत नाही. गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’, चपातीला ‘चपाती’ आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला ‘काचुंबारी’ म्हणतात. आणि सफारी हा शब्द ज्या अरबी मुळातून आला त्याच मुळातून आपली ‘सफर’ आली आहे.

ज्यांनी ताडोबा किंवा पेंच पाहिले आहे त्यांना एक सवय बदलावी लागते. आपल्या दाट जंगलात आपण कान देऊन बसतो : वानराचा खोकला, चितळाचा किंवा सांबराचा इशारा ऐकला की गाडी थांबते. माराच्या उघड्या गवतात कानांपेक्षा डोळ्यांचे काम अधिक असते, आणि तेही प्राण्यांपेक्षा प्राण्यांच्या नजरेकडे पाहण्याचे. टोपी नावाचे तांबूस-जांभळ्या अंगाचे कुरंग वारुळावर चढून उभे राहते. ते आणि आजूबाजूचे झेब्रे एकाच दिशेला मान वळवून स्तब्ध झाले की त्या रेषेवर दुर्बीण लावावी. जिराफाची उंचीवरून खिळलेली नजर हा तर सर्वांत भरवशाचा संकेत. गिधाडे घिरट्या घालत असतील तर त्यांना काही सापडलेले नसते, ती पाय सोडून सरळ खाली येऊ लागली की खाली काहीतरी आहे असे समजावे. बिबट्या शोधताना झाडाच्या पानांत त्याचे अंग दिसत नाही. फांदीखाली लोंबणारी शेपटी दिसते.

दुसऱ्या खेपेला आमच्या चालक-मार्गदर्शकाने तिसऱ्या दिवशी एका झोपलेल्या सिंहिणींच्या कळपाजवळ गाडी बंद केली आणि तो म्हणाला, आता थांबू. सिंह दिवसाचे वीस तासांपर्यंत पडून असतात. तासाभरात तेरा गाड्या आल्या, प्रत्येकीने पाच-सात मिनिटे फोटो काढले आणि रेडिओवर दुसरीकडचा पुकारा ऐकून त्या निघून गेल्या. साडेचारच्या सुमारास एका सिंहिणीने डोके वर केले. मग दुसरी उठली आणि उजवीकडच्या ओहोळात उतरून दिसेनाशी झाली, तिसरी डावीकडून गवतात पोट टेकत सरकू लागली. पुढचे सुमारे चाळीस मिनिटे वार्टहॉगच्या, म्हणजे आफ्रिकी रानडुकरांच्या, एका कुटुंबाभोवती तो फास आवळत गेला आणि शेवटी एका सिंहिणीने घाई केल्यामुळे उधळला गेला. शिकार झाली नाही. पण चौघींनी आपापली जागा कशी धरली, वारा कसा सांभाळला आणि नंतर त्या एकमेकींच्या अंगाला अंग घासत परत कशा आल्या हे पाहायला त्या वेळी फक्त आमची एकच गाडी तिथे होती.

म्हणून चालकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे की, ‘पाच मोठे’ पूर्ण करण्याची आम्हाला घाई नाही. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही यादी मुळात शिकाऱ्यांची आहे; पायी शिकार करायला हे पाच सर्वांत धोक्याचे, म्हणून ती झाली. केनियात १९७७ पासून शिकारीला बंदी आहे, पण यादी तशीच राहिली आणि बक्षिशीच्या आशेने चालक अजून तिच्यामागे धावतात. पाहुण्यांना काय हवे हे न कळल्यामुळे ते धावतात. सांगितले तर बहुतेकांना मनापासून आनंद होतो.

पाळायचे नियम थोडे आहेत. गाडीतून उतरायचे नाही, आवाज करायचा नाही, काही टाकायचे नाही, आणि चालकाला रस्ता सोडून जवळ जायचा आग्रह करायचा नाही. राखीव क्षेत्रात रस्ता सोडल्यास दंड चालकाला होतो आणि त्याचे काम जाऊ शकते. विशेषतः चित्त्याबाबत संयम हवा. सिंह आणि तरस आपली शिकार हिसकावतील या भीतीने तो दिवसा शिकार करतो, आणि गाड्यांनी वेढल्यावर त्याला ना भक्ष्य दिसते ना भक्ष्याला पळायला जागा राहते.

माराची माती काळी आहे, आणि इंग्रजी अभियंते तिला तिथेही ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ असेच म्हणतात. दुपारच्या एका जोरदार सरीनंतर आमची गाडी त्यात रुतली तेव्हा बाकीचे घाबरले. परभणीकडे बालपण गेलेल्या मला मात्र चाकाला धरलेला तो चिकट गोळा ओळखीचा वाटला. अशा वेळी चालकाने सांगितल्याशिवाय खाली उतरून ढकलायला जाऊ नये, रेडिओवरून दुसरी गाडी बोलावली जाते. संध्याकाळी सर येण्याची शक्यता गृहीत धरून दूरवरच्या फेरीची वेळ ठरवावी.

नदीकाठी

मारा नदी ओलांडणे हे एकदाच होणारे दृश्य नाही. कळप त्याच नदीच्या या काठावरून त्या काठावर, मग पुन्हा इकडे, असे पावसाच्या आणि गवताच्या कलाने हंगामभर ये-जा करतात. त्यामुळे अमुक तारखेला हमखास दिसेल असे सांगणाऱ्या एजन्सीवर विश्वास ठेवू नये. आम्ही एका वाटेवर साडेतीन तास थांबलो. काठावर हजारभर विल्डबीस्ट जमले, पुढचे पाण्याला तोंड लावून मागे फिरले, पुन्हा जमले. पाण्यात तीन मगरी ओंडक्यासारख्या पडल्या होत्या. शेवटी एक झेब्रा उतरला, आणि आता सगळे उतरणार असे वाटत असतानाच पलीकडच्या काठावर दोन गाड्या जागा पकडायला पुढे सरकल्या. झेब्रा परतला आणि पाठोपाठ कळपही टेकडीपल्याड निघून गेला. त्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, काठापासून बरेच मागे, इंजिन बंद करून उभे राहिलो तेव्हा वीस मिनिटांत सगळा कळप पार झाला.

चालकाला सांगून ठेवावे की कळप पहिल्यांदा पाण्यात उतरून ओघ सुरू होईपर्यंत गाडी काठाजवळ न्यायची नाही. या दिवशी दुपारचे जेवण बांधूनच निघावे, आणि निघण्यापूर्वी शौचाची सोय कुठे आहे ते विचारून घ्यावे. नदीकाठी ती नसते. महिलांनी आणि वयस्कर मंडळींनी यासाठी संकोच करू नये, चालकांना हा प्रश्न रोजचाच असतो आणि ते गाडी थांबवण्याची सुरक्षित जागा जाणतात.

तंबूत आणि पानावर

शाकाहारी जेवणाची काळजी फारशी करू नये. केनियात गुजराती आणि इतर भारतीय वस्ती शंभराहून अधिक वर्षांची आहे आणि निवासांच्या स्वयंपाकघरांना डाळ, भाजी, चपाती ओळखीची असते. जैन जेवण हवे असेल तर मात्र ‘कांदा-लसूण-बटाटा नको’ असे एक-दोन दिवस आधी लेखी कळवावे.

कुंपण नसलेल्या निवासात अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने पडू नये. भोजनगृहातून तंबूपर्यंत ‘अस्कारी’, म्हणजे पहारेकरी, विजेरी घेऊन सोबत येतो. पाणघोडे रात्री गवत खायला पाण्याबाहेर येतात आणि त्यांच्या वाटेत येणे हे सिंहापेक्षाही घातक ठरू शकते. तंबूची चेन लावलेली ठेवावी आणि आत खाऊ उघडा ठेवू नये. दिवसा माकडे आणि बबून चेन उघडण्यात पटाईत असतात. रात्री तरसाचा चढत जाणारा आवाज ऐकून पहिल्या दिवशी झोप उडते, तिसऱ्या दिवशी त्याशिवाय झोप येत नाही.

मसाई वस्तीला भेट द्यायची असेल तर शुल्क आधी ठरवावे आणि त्यातला किती भाग वस्तीला मिळतो ते विचारावे. वाटेत दिसणाऱ्या माणसांचे फोटो न विचारता काढू नयेत. चालकाची बक्षिशी दर माणशी दिवसाला साधारण १० डॉलर द्यायची पद्धत आहे. ती शेवटच्या दिवशी, पाकिटात, प्रत्यक्ष त्याच्या हाती द्यावी.

परतीच्या वाटेवर

नैरोबीच्या बाजारात लाकडी कोरीव वस्तू आणि मण्यांचे दागिने खुशाल घ्यावेत, परंतु हाड, दात, कातडे, कवच किंवा पीस असलेली कोणतीही वस्तू स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. पीतज्वराचा पिवळा दाखला मोठ्या बॅगेत न टाकता पासपोर्टसोबत ठेवावा, कारण मुंबईत आरोग्य तपासणीचा टेबल सामान हाती येण्याच्या आधी लागतो. हिवतापाच्या गोळ्यांचा उरलेला क्रम घरी येऊन पूर्ण करावा. आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आला तर तो साधा व्हायरल असेल असे गृहीत न धरता, आफ्रिकेला जाऊन आल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगून रक्ताची तपासणी करून घ्यावी.